गादी सोडल्यानंतरची उदासी : ज्येष्ठांचे नैराश्य, औषध आणि संवाद



गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली येथून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. कुटुंब ओळखू येईल असे तपशीलही बदलले आहेत. त्यांचे सासरे, घरातील सर्वांचे बाबूजी, पंच्याहत्तरी गाठलेले. आयुष्यभर त्यांनी किराण्याची पेढी सांभाळली. दोन वर्षांपूर्वी गादी मुलाकडे सोपवली आणि गेल्या वर्षी सासूबाईंचे निधन झाले. आता चार-पाच महिन्यांपासून बाबूजी पहाटे तीनलाच जागे होतात आणि अंथरुणावर बसून राहतात. ताटातील निम्मे अन्न तसेच राहते. छातीत जड वाटते, पोट साफ होत नाही, अशा तक्रारी सतत चालू असतात. नागपूरला जाऊन हृदयाच्या तपासण्या केल्या. त्यांत काही निघाले नाही. वर्षानुवर्षांची सामायिक सुटली आहे. नातू जवळ आला तरी चेहऱ्यावर हसू उमटत नाही. कोणाचे देणे राहिलेले नसताना ‘लोकांचे पैसे बुडवले, मी घराला भार झालो’ असे ते पुन्हा पुन्हा म्हणतात.

भगिनी पुढे लिहितात, “घरातील मंडळी म्हणतात, वय झाले. नातेवाईक म्हणतात, वैराग्य आले आहे, त्यांना त्यांच्या मनाप्रमाणे राहू द्या. मला मात्र ते आतून फार दुःखी आहेत असे दिसते. हा आजार असेल तर गोळ्या द्याव्यात की समजूत घालावी? गोळ्यांची सवय लागणार नाही ना? आणि आमच्या गावात मनाचा डॉक्टर आणायचा कुठून?”

हे तीन प्रश्न आपल्यापैकी अनेक घरांतील आहेत. म्हणून या वेळचा संपूर्ण लेख त्यांच्यासाठी.

वय, वैराग्य की आजार?

उदास असणे हा वार्धक्याचा धर्म नाही. केस पांढरे होतात, पावले मंदावतात, पण आनंद घेण्याची शक्ती वयाबरोबर आपोआप संपत नाही. ती सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ लोपली, सोबत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता ढासळली आणि निराशा किंवा अपराधी भाव मनात घर करून बसला, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. घरात आपण त्यालाच सहज ‘डिप्रेशन’ म्हणतो.

ज्येष्ठांमध्ये हा आजार वेश बदलून येतो. ‘मी दुःखी आहे’ असे वृद्ध माणूस क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, अंग दुखते, गॅस होतो, डोके जड आहे, झोप नाही. कोणी चिडचिडे होते, कोणी अबोल होते, कोणी पैशाच्या काळजीने रात्र जागून काढते. काहींची स्मृती इतकी मंदावल्यासारखी दिसते की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते. नैराश्याचे उपचार झाले की त्यांतील अनेकांची स्मृती बरीच सुधारते. शरीराच्या तक्रारींआड मनाचा आजार लपतो हे ओळखूनच १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र प्रश्नावली तयार झाली. तिची उत्तरे केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात. मूळ प्रश्न ३० होते. आज १५ प्रश्नांचे लहान रूप जगभर वापरले जाते.

आपल्या देशात हा आजार किती ओळखला जातो? २०१७-१८ मध्ये ‘लासी’ या नावाने वार्धक्याची राष्ट्रीय पाहणी झाली. साठ वर्षांवरील ज्येष्ठांपैकी ८.३ टक्क्यांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. मात्र ‘मला नैराश्य असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे म्हणणारे केवळ ०.८ टक्के होते. म्हणजे आजारी दहा आणि निदान सुमारे एकाचे. उरलेले नऊ जण ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली झाकले गेले.

आता वैराग्याविषयी. हा शब्द आपल्या घरांत आदराने उच्चारला जातो, म्हणूनच तो जपून वापरला पाहिजे. विरक्त माणसाच्या मनात शांती असते. तो वस्तूंपासून दूर जातो, पण माणसांशी त्याचे वागणे अधिक कोमल होते, स्वाध्यायात त्याचे मन रमते. नैराश्यग्रस्त माणसाचे मन कशातच रमत नाही, धर्मक्रियेतही नाही. त्याला शांती नसते. त्याला स्वतःचा तिटकारा वाटत असतो. बाबूजींची सामायिक सुटणे ही आजाराची खूण आहे, विरक्तीची नव्हे.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. काही वेळा खचलेले वृद्ध अन्न टाकतात आणि ‘आता मला संथारा घ्यायचा आहे’ असे म्हणतात. घरचे गोंधळतात, विरोध केला तर धर्माला विरोध होईल असे त्यांना वाटते. पण तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सल्लेखनेचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत मरणाची इच्छा, म्हणजे मरणाशंसा, हा एक आहे. जीवनाला कंटाळून मृत्यू हवासा वाटणे हे व्रत नव्हे, असा आपल्या परंपरेचाच निर्वाळा आहे. म्हणून असे शब्द कानी पडले की एकीकडे गुरुमहाराजांना सर्व स्थिती प्रामाणिकपणे सांगावी आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.

व्यापारी घरांतील एक विशेष कारण

या आजाराला एकच कारण नसते. मेंदूतील रासायनिक बदल, रक्तवाहिन्यांचे विकार, मधुमेह, पक्षाघात, जुने दुखणे, घराण्यातील कल, जोडीदाराचा वियोग हे सारे त्यात असू शकते. पण आपल्या समाजात आणखी एक कारण वारंवार दिसते आणि त्याची चर्चा होत नाही. ते म्हणजे गादीवरून उठणे.

नोकरदाराला निवृत्तीची तारीख आधी ठाऊक असते. व्यापाऱ्याला ती नसते. सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री रोजमेळ मिळवण्यापर्यंतचे त्याचे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य त्या गादीभोवती उभे असते. गिऱ्हाइकाची ओळख, उधारीची आठवण, मालाची पारख ही त्याची प्रतिष्ठा असते. मग संगणकाचे बिल, जीएसटीचे विवरण, मोबाईलवरचे पैसे येतात आणि एके दिवशी मुलगा प्रेमानेच म्हणतो, ‘बाबूजी, आता तुम्ही आराम करा.’ त्या वाक्यात मुलाला सेवा दिसते, वडिलांना मात्र आपण निरुपयोगी झाल्याचा निरोप ऐकू येतो.

आलापल्लीसारख्या ठिकाणी त्यात एकटेपणाची भर पडते. सागवानाच्या जंगलातले, अहेरी, सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडे जाणाऱ्या वाटांवरचे हे गाव. बाजारात माणसांची ये-जा असली तरी आपल्या समाजाची घरे मोजकी, मुली दूर दिलेल्या, नातवंडे शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला. बरोबरीचे सोबती एकेक करून गेले की गप्पा मारायलाही कोणी उरत नाही. कानांनी कमी ऐकू येत असेल, तर जे आहेत त्यांच्याशीही संवाद तुटतो.

औषधापूर्वी काय तपासावे?

नैराश्यासारखी लक्षणे इतर आजारांतही दिसतात. म्हणून आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासून घ्यावे. यांपैकी बी-१२ कडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे. शाकाहारात त्याचा मुख्य आधार दूध-दही हाच. वयानुसार ते शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण घटते. मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठीच्या गोळ्या अनेक वर्षे घेतल्यास ते आणखी कमी होऊ शकते. थकवा, विसराळूपणा, पायांत मुंग्या आणि उदासी हे सारे त्याच्या अभावानेही होते, आणि ती उणीव भरून काढणे सोपे असते.

कानांची आणि डोळ्यांची तपासणीही याच वेळी व्हावी. तसेच सध्या चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक चूर्णे आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांसह, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवावीत. वृद्धांच्या उपचारात ही पिशवी फार उपयोगी पडते.

गोळ्यांविषयी भीती आणि वस्तुस्थिती

आज ज्येष्ठांना बहुधा सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे प्रथम दिली जातात. झोप आणि भूक फारच गेली असेल तर कधी मिर्टाझापीन निवडले जाते. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी औषधे प्रभावी असली, तरी वृद्धांमध्ये त्यांनी बद्धकोष्ठ, लघवीचा अडथळा, गोंधळ आणि हृदयाच्या ठोक्यांचे विकार होऊ शकतात. म्हणून ती जपून वापरतात. कोणते औषध आणि किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. घरच्यांनी मात्र पुढील गोष्टी जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, धीर. ज्येष्ठांमध्ये मात्रा लहान ठेवून सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते. ती बहुधा ओसरते. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, वृद्धांना काही वेळा त्याहूनही अधिक. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी बंद करणे म्हणजे पेरणी करून आठ दिवसांत शेत नांगरून टाकणे.

दुसरी गोष्ट, सवय. नैराश्याच्या या गोळ्यांची चटक लागत नाही. मात्र त्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड असा त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करायच्या असतात. बरे वाटू लागल्यानंतरही सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते. आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर अधिक काळ. जिची सवय खरोखर लागते ती गोळी वेगळी. अल्प्राझोलामसारखी झोपेची व चिंतेची गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षे चालू असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तिची विक्री करण्यास कायद्याने मनाई आहे. तिने रात्रीपुरती झोप लागते, पण नैराश्य बरे होत नाही. वृद्धांचा तोल जातो, पडून हाड मोडते, स्मृती मंदावते. अशी गोळी चालू असेल तर तीही अचानक न थांबवता डॉक्टरांना सांगावे.

तिसरी गोष्ट, सोडियम. नैराश्याच्या औषधांनी काही वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. सुरुवातीच्या आठवड्यांत गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे, अतिशय गळून जाणे असे दिसले, तर थांबू नये, रक्त तपासावे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तेही आधीच सांगावे, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाची शक्यता वाढते.

चौथी गोष्ट आपल्या आचाराशी संबंधित आहे. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे की सूर्यास्तानंतर आम्ही काही घेत नाही. यांतील बरीच औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात आणि ती नवकारसीनंतर सकाळी घेता येतात. कॅप्सूलच्या जिलेटिनविषयी शंका असेल, तर गोळीच्या रूपातील औषध मागून घ्यावे. केवळ संकोचामुळे रात्रीची गोळी गुपचूप टाळली जाते आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. उपवासाबाबत अधिक सावध राहावे. ज्यांचे वजन आधीच घटले आहे आणि सोडियम कमी आहे, त्यांनी केवळ उकळलेल्या पाण्यावर राहणे धोक्याचे ठरू शकते. मनाच्या दुसऱ्या एका आजारासाठी लिथियम घेत असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याविना कोणताही उपवास करू नये. शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाले की त्या औषधाची विषबाधा होऊ शकते. पच्चक्खाणांमध्ये आजारपणासाठी आगार ठेवलेले आहेत, हे पर्युषणात घरातील वडीलधाऱ्यांना प्रेमाने आठवून द्यावे.

आजार अतितीव्र असेल, म्हणजे रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल किंवा जिवाला धोका असेल, तर तज्ज्ञ विद्युत उपचार सुचवतात. चित्रपटांनी त्याची भयंकर प्रतिमा केली आहे. प्रत्यक्षात तो भूल देऊन केला जातो, वृद्धांमध्ये त्याचा गुण चांगला येतो. काही काळ स्मृतीत गोंधळ होऊ शकतो, त्याची कल्पना डॉक्टर आधी देतात.

संवादोपचार म्हणजे उपदेश नव्हे

‘समजूत घालावी का?’ असे भगिनींनी विचारले आहे. समजूत आणि संवादोपचार यांत मोठे अंतर आहे. समजूत घालणारा बोलतो आणि रुग्ण ऐकतो. संवादोपचारात प्रशिक्षित माणूस आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळ, ठरावीक पद्धतीने रुग्णाबरोबर काम करतो. साधारण सहा ते बारा भेटी होतात. त्याच्या अनेक शाखा आहेत. ज्येष्ठांना विशेष उपयोगी पडणाऱ्या तीन येथे सांगतो.

पहिली कृतीवर आधारलेली. नैराश्यात माणूस काम सोडतो, काम सोडल्याने आनंदाचे क्षण संपतात आणि ते संपल्याने नैराश्य वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे. रुग्णाने दिवसाची नोंद ठेवायची, कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन कसे होते, शून्य ते दहा. आयुष्यभर रोजमेळ लिहिलेल्या माणसाला ही वही परकी वाटत नाही. आठवडाभराच्या नोंदीतून दिसते की दुपारी एकटे पडून राहिल्यावर मन सर्वांत खाली गेले आणि जुन्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलल्यावर थोडे वर आले. मग पुढच्या आठवड्यात तसे एक लहान काम ठरवून करायचे, इच्छा होण्याची वाट न पाहता.

दुसरी समस्या सोडवण्याची. मनातील गाठोडे सोडून एकेक अडचण कागदावर मांडायची, तिच्यावरचे जितके सुचतील तितके उपाय लिहायचे, प्रत्येकाचे लाभ-तोटे पाहायचे, एक निवडून करून पाहायचा आणि पुढच्या भेटीत त्याचा हिशेब घ्यायचा.

तिसरी नातेसंबंधांची. वियोगाचे दुःख, घरातील मतभेद आणि जीवनातील भूमिका बदलणे यांवर तिचा भर असतो. पत्नीच्या निधनावर मोकळेपणी रडता न आलेल्या आणि गादी सुटलेल्या बाबूजींसाठी ही फार जवळची आहे.

याशिवाय विचारांची तपासणी करणारी विवेकनिष्ठ पद्धतीही आहे. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची ती पद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली.

दोन्ही एकत्र का?

अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डॉ. चार्ल्स रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यातून बऱ्या झालेल्या ज्येष्ठांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना औषध आणि संवादोपचार दोन्ही मिळत होते, त्यांच्यापैकी २० टक्क्यांना आजार पुन्हा झाला. केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते, औषधाविना संवादोपचार मिळणाऱ्यांत ६४ टक्के आणि दोन्ही नसलेल्यांत ९० टक्के. औषध त्या काळातील जुन्या प्रकारचे होते, तरी अर्थ स्पष्ट आहे. औषध झोप, भूक आणि शक्ती परत आणते. त्या शक्तीने दिवस पुन्हा कसा उभारायचा हे संवादोपचार शिकवतो. सौम्य आजारात केवळ संवादोपचार पुरेसा ठरू शकतो. मध्यम आणि तीव्र आजारात मात्र बहुधा दोन्हींची जोड लागते.

‘पण हे सारे अमेरिकेत’, असे कोणी म्हणेल. तर आता शेजारच्या गोव्याकडे पाहू. तेथे डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्याच डॉ. रेनॉल्ड्स यांच्या सहभागाने साठ वर्षांवरील १८१ ज्येष्ठांचा अभ्यास झाला. या सर्वांना नैराश्याची सौम्य लक्षणे होती, पूर्ण आजार नव्हता. त्यांपैकी ९१ जणांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अडचणी सोडवण्याची पद्धत आणि झोपेची शिस्त शिकवली, आजारांची काळजी घेण्याबाबत मार्गदर्शन केले, सरकारी सोयी मिळवून देण्यास साहाय्य केले. वर्षभरात या गटातील ४ जणांना नैराश्याचा पूर्ण आजार झाला. नेहमीचेच उपचार मिळालेल्या ९० जणांच्या गटात १३ जणांना. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते.

आलापल्लीतून मार्ग कसा काढावा?

आता तिसरा प्रश्न. चंद्रपूर असो वा गडचिरोली, आलापल्लीहून जायचे तर शंभर किलोमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक प्रवास होतो. खचलेल्या वृद्धाला दर आठवड्याला तेथे नेणे शक्य नाही. पण तशी गरजही नाही.

पहिली भेट प्रत्यक्ष व्हावी, कारण तपासणी आणि निदान समोरासमोर नीट होते. गडचिरोलीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा चंद्रपूर-नागपूर येथील खासगी मनोविकारतज्ज्ञ, जे सोयीचे असेल तेथे जावे. निघताना तेथे मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात हे फोनवर विचारून घ्यावे. पुढील भेटी बऱ्याच अंशी व्हिडिओवर होऊ शकतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यक सल्ल्याचे नियम घालून दिल्यापासून ही पद्धत अधिकृत आहे. संवादोपचारही फोनवर वा व्हिडिओवर मराठीतून मिळू शकतो. रक्तदाब आणि सोडियम तपासण्यासाठी अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा गावातील डॉक्टर आहेतच. तज्ज्ञांची चिठ्ठी गावातील डॉक्टरांनाही दाखवावी, म्हणजे दोन्हीकडील औषधांचा मेळ राहील.

‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे. आपला आरोग्य विमा असेल तर त्याचीही कागदपत्रे पाहावीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारासाठी शरीराच्या आजाराप्रमाणेच तरतूद करणे बंधनकारक केले आहे.

पावसाळ्यात नद्यांना पूर आला की भामरागडसारखी गावे तुटतात आणि मालाच्या गाड्याही अडकतात. दुकानाचा साठा आपण जसा जूनआधी भरतो, तशी महिनाभराची औषधे आधी आणून ठेवावीत. मात्र ती रुग्णाच्या उशाशी न ठेवता घरातील एका जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात, कुलपात असावीत. दुकानात वा घरात कीटकनाशके, उंदीर मारण्याचे औषध असेल, तर तेही हाताला लागणार नाही असे ठेवावे.

मोठ्या रुग्णालयाविना काही होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून घडवले. त्यांनी घरोघरी केलेल्या शुश्रूषेने नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने प्रसिद्ध केले. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांच्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्ते आणि डॉक्टर एकत्र आले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आपल्या महिला मंडळातील दोन भगिनींनी असे प्रशिक्षण घेतले, तर पंचक्रोशीतील किती वृद्धांना दिलासा मिळेल याचा विचार स्थानिक संघाने अवश्य करावा.

घरच्यांचे वैयावृत्य

आपल्याकडे आजारी आणि वृद्ध यांच्या सेवेला, वैयावृत्याला, आभ्यंतर तपांत स्थान आहे. नैराश्यात ही सेवा बहुधा शब्दांतून आणि वागण्यातून होते. ‘तुम्हाला काय कमी आहे?’, ‘मन खंबीर करा’, ‘हे तर आपल्या कर्मांचे फळ’ ही वाक्ये टाळावीत. मधुमेहाच्या रुग्णाला आपण कर्म सांगून इन्सुलिन बंद करत नाही. त्याऐवजी म्हणावे, ‘बाबूजी, तुम्हाला त्रास होतो आहे हे आम्हाला दिसते. हा आजार आहे आणि यावर उपचार आहेत. आपण मिळून करू.’

त्यांना दुकानापासून पूर्ण तोडू नये. सकाळी तासभर गादीवर बसावे, जुन्या उधारीची वही तपासावी, नव्या मुलाला मालाची पारख शिकवावी, असे खरे उपयोगाचे काम द्यावे. मन राखण्यासाठी दिलेले खोटे काम व्यापारी माणूस लगेच ओळखतो. सकाळचे ऊन, थोडे चालणे, ठरावीक वेळी उठणे, दुपारी लांब झोप न घेणे याही गोष्टी औषधाइतक्याच नियमाने सांभाळाव्यात. आणि ही सारी जबाबदारी एकट्या सूनबाईंवर पडू नये. मुलाने, मुलींनी आणि नातवंडांनी दिवस वाटून घ्यावेत.

शेवटी सर्व वाचकांना एक विनंती. या आठवड्यात घरातील साठीपुढील प्रत्येकाजवळ निवांत बसून दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कामात, माणसांत किंवा धर्मक्रियेत गोडी वाटेनाशी झाली आहे का? मन बहुतेक वेळ उदास, निराश असते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर तिसरा प्रश्न विचारा : जगू नये असे कधी वाटते का? हा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही; उलट मनात दडलेले बोलण्याची वाट मिळते. तेथेही ‘होय’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा १४४१६ वर बोला.

या लेखातील माहिती तज्ज्ञांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. तो लवकर आणि निःसंकोच घ्यावा, एवढ्यासाठीच ती दिली आहे. आपले अनुभव आणि प्रश्न नेहमीप्रमाणे अवश्य कळवावेत.

जय जिनेंद्र!